टर्बोचं आजारपण

ओरेस्टने गाडी लावली, पण इंजिन चालूच ठेवलं. आधी मान वळवून वळवून पाहिलं, कोणी ओळखीचं तर नाही ना. आता आमच्या गावात अनोळखी कोण असणार, तो भाग वेगळा.

समोर एकच बैठी इमारत, तिला दोन दारं. उजवीकडे जनावरांचा डॉक्टर. डावीकडे पॅट्रिशियाबाई, मनाला जबर धक्का बसलेल्या माणसांना बोलतं करून बरं करणारी. ओरेस्टला जायचं होतं डावीकडे. बर्फ पडायला लागल्यापासून जायचं होतं. पण दर गुरुवारी ऐन वेळी कोणीतरी हाक मारायचं, "काय ओरेस्ट, इकडे कुठे?" की गडी निमूट उजव्या दारात. कुत्रा बरोबर आणायचा तो त्यासाठीच.

टर्बोला काहीही झालेलं नव्हतं. त्याची नखं कापून झाली, कान साफ करून झाले, दातही घासून झाले. मागच्या खेपेला डॉक्टर वैतागून म्हणाला, "ओरेस्ट, आता याचं कापण्यासारखं काही उरलेलं नाही रे!" गावात मात्र बातमी अशी, की टर्बो काही आता फार दिवस काढत नाही. चर्चमधल्या बायकांनी त्याच्यासाठी बटाट्याचं सारण भरलेल्या पेरोगी पाठवल्या, वर लोणी सोडून. आजारपणात टर्बो असा सुटला, की गाडीत चढवताना त्याला मागून ढकलावं लागे.

काचेवर टकटक झाली. बाहेर मेल्विन! गावाच्या अग्निशमन दलाचा प्रमुख.

दल म्हणजे तरी काय, गावातलीच माणसं, बिनपगारी; ओरेस्टही त्यातलाच. भोंगा वाजला की हातातलं टाकून धावायचं. हिवाळ्याच्या तोंडावर कोझाकांचं घर पेटलं, म्हातारा कोझाक आतच राहिला. तेव्हापासून भोंगा वाजला की ओरेस्ट धावायचाच, पण घरच्या तळघरात, बटाट्याच्या पोत्यांमागे. दलात सांगितलं होतं, पाठ धरलीय. आज डाव्या दारात पाय पडला नाही तर दल सोडायचं, हे त्याने सकाळीच ठरवलं होतं.

त्याने काच खाली घेतली. थंडी सपकन आत आली.

"कसा आहे टर्बो?" मेल्विनने विचारलं.

"आहे आपला."

"म्हणजे बरा नाही."

ओरेस्टने मागे पाहिलं. टर्बो पाय वर करून घोरत होता.

"झोपच नाही हो त्याला," ओरेस्ट म्हणाला.

मेल्विननेही वाकून मागे पाहिलं.

"भोंगा वाजला की थरथर कापतो. तळघरात जाऊन बसतो. धूर नसला तरी त्याला धुराचा वास येतो. परवा बायको समजवायला गेली, तर तिच्यावरच ओरडला. मग एकटा रडत बसला."

"भुंकला," मेल्विन म्हणाला.

"हो हो, भुंकला." ओरेस्टने नाक पुसलं. "त्याला वाटतं, आपण दार जरा आधी फोडलं असतं, तर म्हातारा वाचला असता."

मेल्विन जरा वेळ बुटाने बर्फ उकरत राहिला.

"टर्बोला सांग, छप्पर आधीच खाली आलं होतं. मी होतो तिथे."

"सांगितलंय. ऐकत नाही."

"नाहीच ऐकणार. माझ्या कुत्र्याचं हेच झालं होतं. नदीवरचा बर्फ फुटून माणूस गेला ना, त्या वर्षी. मी काही या उजवीकडच्याकडे नेला नाही, हा जंत बघतो. डावीकडे नेला. पहिल्या दिवशी गाढव नुसतं खुर्चीत बसून राहिलं, बाईच्या तोंडाकडे बघत. पण पुन्हा गेला."

"बरा झाला?"

"धावतो आता, भोंगा वाजला की." मेल्विनने टोपी कानांवर ओढली. "अजूनही जातो अधूनमधून बाईकडे."

"पण गावात कोणी बघितलं तर? काय म्हणतील त्याला?"

"म्हणू देत. टर्बोचं हेल्मेट खुंटीवर आहे, ते तिथेच राहणार. सांग त्याला. आणि आता उतर. मी बसतो याच्यापाशी, नाहीतर पुन्हा नखं कापायला नेशील बिचाऱ्याला."

ओरेस्ट उतरला. समोरच्या दुकानातून कोणीतरी हात हलवला. त्यानेही हलवला, आणि मान खाली घालून डावं दार ढकललं. आत कॉफीचा वास होता आणि टेबलामागे एक मुलगी.

त्याने काचेतून एकदा मागे वळून पाहिलं. टर्बो मेल्विनच्या मांडीवर चढून बसला होता. मेल्विनचं नाक लाल, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, आणि शिंकांवर शिंका. तेव्हा कुठे ओरेस्टची ट्यूब पेटली. अरे, दलाच्या सहलीला कोणाचं तरी कुत्रं नुसतं घासून गेलं, तर या माणसाचं तोंड भोपळ्याएवढं सुजलं होतं! याच्या घरात कुत्रा सोडा, कुत्र्याचं कॅलेंडरसुद्धा लागलं नसेल.

"नाव काय लिहू?" मुलीने विचारलं.

"कुत्र्याचं?"

"इथे कुत्री येत नाहीत, काका."

ओरेस्टने टोपी काढून हातात घेतली.

"मग माझं लिही," तो म्हणाला. बाहेर मेल्विन पुन्हा शिंकला.