अकरावी भेग

"तुम्ही आत पाऊलसुद्धा टाकलं नाहीत," अनारकुल म्हणाली. "दारातून फोटो काढलात आणि आमचं थिएटर मेलं म्हणून लिहून मोकळे झालात."

साहेबानं फाइल छातीशी धरली. तो वरच्या कचेरीतून किल्ल्या न्यायला आला होता. बाहेर त्याची माणसं निळ्या पत्र्याचं कुंपण ठोकत होती. प्रत्येक घावाला खुर्च्यांमधले नट दचकत. कोणी उठे, दाराशी जाई, परत येई, दुसऱ्याच खुर्चीत बसे. व्यवस्थापक मेलिस डोक्यावरची टोपी काढत होता, घालत होता, परत काढत होता.

थोरल्या बहिणीला म्हणावं तसं तिला एजे म्हणत साहेब म्हणाला, एजे, रागावू नका, माझ्या हातात काही नाही. अहवालावर तज्ज्ञांच्या सह्या आहेत. अकरा भेगा. दहा बारीक, त्या बुजवता आल्या असत्या. पण रंगमंचामागची अकरावी छतापासून जमिनीपर्यंत गेली आहे, हात जाईल एवढी रुंद. तिच्यामुळंच पाडायचं ठरलं. उद्या कोणाच्या डोक्यावर भिंत आली तर?

अनारकुलनं फाइलमधला फोटो मागून घेतला, लांब धरून पाहिला आणि हसली. ते हसणं ऐकून मेलिसची टोपी हातातच राहिली.

चाळीस वर्षं ती इथं पडदे रंगवत होती. राजवाडे, तंबू, बर्फ, सगळं तिच्याच हातचं. गेल्या हिवाळ्यात भूकंपाचं नाटक बसवलं, तेव्हा पडद्याला कापड नव्हतं, म्हणून तिनं थेट मागच्या भिंतीवरच भेग रंगवली होती. काजळी आणि सरस. पहिल्या खेळाला पुढच्या रांगेतल्या दोन बायका पर्स तिथंच टाकून पळाल्या होत्या. तज्ज्ञ मात्र तेवढेही जवळ आले नव्हते.

तिनं बादलीतलं फडकं पिळलं आणि रंगमंचावर चढली. हात लावू नका, तो पुरावा आहे, असं साहेब म्हणेपर्यंत निम्मी भेग गेली होती. काळं पाणी तिच्या कोपरापर्यंत ओघळलं. उंचावर हात पोचेना, तेव्हा एका नटानं शिडी आणून धरली. खाली सलग भिंत निघाली. चिखलातल्या गवताच्या काड्या अजून पिवळ्या दिसत होत्या. थिएटर बांधताना तो चिखल तिच्या आईनं गल्लीतल्या बायकांबरोबर पायांनी तुडवला होता.

कोणी टाळी वाजवली नाही. सगळे साहेबाकडं बघत होते.

साहेबानं भिंत पाहिली, फाइल पाहिली, कपाळ पुसलं. मग खालच्या आवाजात म्हणाला की अहवाल वर गेला आहे, त्यातलं एक अक्षर हलवायचा अधिकार त्याला नाही.

"कागदावर अकराच राहतील, एजे."

आणि त्यानं किल्ल्यांसाठी मेलिसपुढं हात पसरला. मेलिसचा हात खिशात गेला.

अनारकुल शिडीवरून उतरली, दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. आतापर्यंत ती त्याला तुम्ही म्हणत होती.

"भेग गेली, बाळा. आता खरं कारण सांग. इथं काय बांधायचंय, कुणासाठी? फाइल मिट आणि तोंडानं बोल."