पेज टेबल

सांगलीच्या दवाखान्यातून माझी बायको बनू गेल्याचा फोन आला, त्या सकाळी तिला नेसवायचं हिरवं लुगडं पलूसच्या घरात कुणालाच सापडेना.

कॉलेजात नुकताच कॉम्प्युटर शिकवायला लागलेला आमचा प्रशांत जमलेल्यांना समजावू लागला, "प्रोग्राम नुसता मागतो. वस्तू मेमरीत खरी कुठं हाय, ते कर्नल, म्हंजे मशिनीतला कारभारी, पेज टेबलात लिहून ठेवतो. आपल्या घरात ते टेबल आईच्या डोक्यात व्हतं. आता मी यादी करतो."

"आधी वही शोध रं, मास्तर," मी म्हणालो.

शेवटी शेजारच्या आक्काताईंच्या लुगड्यात बनूची माती झाली. परत आल्यावर प्रशांत न्हाणीत गेला आणि आतून ओरडला, "आई, टॉवेल कुठाय गं?"