वरचं नाव

कारागीर शोधून देणाऱ्या साइटवर 'किल्ली बनवणारा' शोधलं की आधी माझा धाकटा भाऊ दिसतो, मग मी. दाराबाहेर अडकलेला माणूस दुसऱ्या नंबरला कशाला फोन लावेल? सहा वर्षं आमचं बोलणं बंद आहे, आणि आता हा माझी गिऱ्हाइकंही पळवायला निघाला. तडक त्या साइटच्या ऑफिसात गेलो आणि टेबलावर फोन आपटला. "याला माझ्या डोक्यावर आणून कुणी बसवलं?"

तिथली मुलगी स्क्रीनकडे बघत म्हणाली, "काका, तुम्हा दोघांचे गुण अगदी सारखे आहेत. बरोबरी झाली की ज्याची नोंद आधीची, तो वर."

"अहो, हा धंदा मीच शिकवला त्याला!"

"धंद्याची नाही, साइटवरची नोंद. त्यांची पाच मिनिटं आधीची आहे."

"मी तर कधी नोंद केलेलीच नाही."

"गेल्या महिन्यात दोन्ही नोंदी एकाच फोनवरून झाल्यात. त्यांच्या." तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "त्यांनी तुमचं नाव घातलं नसतं, तर तुम्ही यादीत दिसलाच नसता, काका."

मी फोन उचलून खिशात टाकला.

"बघा! आधी स्वतःचंच घातलं ना!"