गोपनीय आभाळ

"काल दुपारी तुमच्या वडिलांनी वाळत घातलेली मासळी गोळा केली," सुरक्षा अधिकारी सबनीस म्हणाले आणि त्यांनी उपग्रहाचा फोटो विनयापुढे सरकवला. "त्यांचं बघून अख्ख्या किनाऱ्याने केली. आज आभाळ भरून आलं. त्यांना अंदाज कोणी दिला?"

विनया कुबल हवामान खात्यात होती. देश सौरविजेवर चालायला लागल्यापासून हवामानाचा अंदाज लष्करी गुपित झाला होता. ढग आले की सीमेवरची निम्मी रडारं बंद पडत, आणि तो दिवस शत्रूला आधी कळता कामा नये. त्यापायी पाच वर्षांत तिने घरी 'छत्री घ्या' एवढंसुद्धा म्हटलं नव्हतं.

"साहेब, आमच्या यंत्राला हे ढग काल रात्री दिसले. दुपारी मी काय सांगणार, कप्पाळ? आबांना वारा फिरला की कळतं."

सबनीसांनी शांतपणे लिहून घेतलं. "म्हणजे ते आपल्याही आधी गुपित फोडतात."

पुढच्या आठवड्यात विनया घरी गेली, तेव्हा आबा पडवीत बसले होते आणि शेजारी बंदूकवाला शिपाई उभा होता. वारा फिरला. आबा सवयीने उठले, तसा शिपायाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. विनयाने मान खाली घातली. पाऊस येणार हे तिला कालपासून माहीत होतं.

वाळत घातलेल्या बांगडा मासळीवर टपोरे थेंब पडायला लागले.

"पाऊस येतलो ह्या सगळ्यांका ठावक," आबा म्हणाले. "मासळी तेवढी कोणी उचलूची नाय."