कॉन्टेसाची टकटक

अण्णांच्या कॉन्टेसाचा एक्झॉस्ट पाईप इंजिनापाशी तडकला होता. गाडी चालू असली की तिथून टकटक वाजायचं. कोपऱ्यावर ती टकटक ऐकू आली की आई "ह्येंची गाडी आली" म्हणत गेट उघडायला उठायची.

अण्णा गेल्यावर मी एमआयडीसीतल्या बिभीषण मिस्त्रीकडून तडकलेल्या पाईपच्या जागी नवे हेडर पाईप बसवून घेतले.

"जुनं ठिवायचं का?" त्यानं विचारलं.

"भंगारात टाक," मी म्हणालो.

गाडी गल्ली हादरवत घरी आणली. आई बाहेर आलीच नाही. मीच उतरून गेट उघडलं, आणि जुना पाईप टाकायला नको होता असं तेव्हाच वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही ओट्यावर चहा घेत होतो. गाडी समोर अंगणात उभी होती. कोपऱ्यावरून टकटक ऐकू आली. ती जवळ येत गेटपाशी थांबली आणि तिथंच वाजत राहिली. गल्ली रिकामी होती. मी उठून आमच्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला. ते थंड होतं.

आईनं कप खाली ठेवला, पदर सावरला आणि जाऊन गेटची दोन्ही दारं उघडली.

"ऋतुराज, तुजी गाडी बाजूला घे की," ती म्हणाली. "ह्येंना आत यायला जागा न्हाय."