जुन्याच टाक्यांवर

झंपर पुन्हा ढिलं झालं होतं. कलाबाईनं दंडाशी दोन बोटं घातली. मग तिसरं. तेही गेलं.

"पाह्य वं, कशी उतरून राह्यली तू!" शिलाई मशीनवरून तिचा नवरा गुलाबराव म्हणाला. "अशीच रोज चालली त् पोळ्यापर्यंत पार काडी होशीन."

कालच कलाबाई दवाखान्यातल्या काट्यावर चढली होती. चौऱ्याऐंशी. मागच्या महिन्यातही चौऱ्याऐंशीच. अठ्ठ्याहत्तर झाल्याबिगर गुडघ्याचं ऑपरेशन नाही, असं डॉक्टरनं बजावलेलं. अन् गुडघा असा, की पंगतीत साऱ्या बाया खाली, ही एकटी खुर्चीवर.

काटा एक म्हणतो, झंपर दुसरंच म्हणतं.

"काटा बिघडला असन त्यायचा," गुलाबराव म्हणाला.

तिनं मान वर केली. काट्याचं तिनं घरात काढलंच नव्हतं. कार्ड पिठाच्या डब्यामागं दडवलं होतं.

ती आत गेली. झंपर उतरवून दुसरं घातलं, उतरवलेलं उलटं केलं आणि दाराच्या उन्हात धरलं. शिलाईचा दोरा कोरा होता. त्याच्या बोटभर आत सुईच्या बारीक भोकांची रिकामी ओळ. भोकाभोकातून ऊन येत होतं. दोन्ही बाह्यांना तसंच. दोन्ही कुशींनाही तसंच.

"काऊन हो? माह्या मागं उसवत होते?"

पायडल थांबलं.

"चप्पल फेकली होती तू मांगं," तो खालीच पाहत म्हणाला. "म्हणे, काही फरक नाही, मराले चालू काय? झंपर ढिलं लागलं, तवा कुठं पुन्हा फिराले निंघाली."

तिनं झंपर त्याच्या मांडीवर टाकलं.

"जुन्याच टाक्यांवर शिवा."

"घट्ट होईन वं तुले."

"होऊ द्या."

तिनं चप्पल चढवली आणि बाहेर पडली. कोपऱ्यावरच्या निंबापाशी मात्र थांबली. कान घराकडं.

"काऊन मावशी, इतक्यातच दमल्या?" शेजारची वैष्णवी हसली.

"गप बस जराशी."

मशीन खडखडली. एक बाही. थांबली. दुसरी. मग एक कूस. मग कितीतरी वेळ काहीच नाही. कलाबाई हलली नाही.

चौथी शिलाई संपली, तेव्हा कुठं तिनं पहिलं पाऊल टाकलं.