न चढलेली हळद

नवऱ्याकडून आलेली उष्टी हळद तिसऱ्यांदा लावली, तरी केतकीच्या गालावरून ती अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखी घरंगळून गेली. पाचही सवाष्णींनी आपापले तळवे पाहिले. तेही कोरेच.

"भेसळीची पाठवली असणार," मामी म्हणाली.

"पाट तर पिवळा झालाय की!" केतकीची आई सुमती पार गोंधळली. "मग हिलाच का चढत नाही?"

दोन वर्षं सगळं गणगोत त्वचेचा थर घट्ट करणारं सिरॅमाइडचं दूध पीत होतं, गोळ्या घेत होतं, मलम लावत होतं. भेगा गेल्या, सुरकुत्या गेल्या. आता त्वचेत बाहेरचं काहीच मुरत नाही, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

तेवढ्यात, विधवा म्हणून दाराशीच थांबलेल्या इंदूआत्याचे हात सुमतीला दिसले. भेगांसकट पिवळेजर्द.

"वन्सं, तुम्ही हळदीला शिवलात?"

आत्याने हात पदराआड घेतले. "नुसती वाटी विसळली गं."

"पण दूध, गोळ्या, मलम तर तुम्हीही घेता ना?"

"माझ्या वाटचं सगळं मी रोज केतकीलाच द्यायचे. लग्नात उजळ दिसावी म्हणून."

केतकी पाटावरून उठली. तिने आत्याचे हात पदराबाहेर काढले आणि फोटोवाल्याला म्हणाली, "हळदीचा फोटो या हातांचा काढा."